कॅप्टन खुर्चीवर बसतात

कॅप्टन कधी कुठल्या जहाजावर नव्हते आणि सैन्याशी तर त्यांचा दुरूनही संबंध नव्हता. मोठ्या हॉटेलाच्या जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्या वेटरांवर जो एक मुख्य असतो, त्याला कॅप्टन म्हणतात. त्या हॉलमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्त होताना काळा कोट धुऊन, इस्त्री करून परत द्यावा लागला. हुद्दा मात्र कोणी परत मागितला नाही, म्हणून तो त्यांनी घरी आणला.

घरी आणलेल्या हुद्द्याचं काय करायचं हा प्रश्न लगेचच उभा राहिला, आणि त्याचा सगळा भार बायकोच्या डोक्यावर पडला. बायको शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, कापडांचे गठ्ठे, टाचण्यांची डबी असा तिचा संसार वर्षानुवर्षं आपल्या जागी सुखाने पसरलेला होता. कॅप्टननी पहिल्या आठवड्यात कपाटातले चमचे लांबीनुसार लावले, दुसऱ्या आठवड्यात रिळं रंगानुसार लावली. तिसऱ्या आठवड्यात बायकोने कात्री शोधण्यात अख्खी सकाळ घालवली. ती मशीनच्या उजव्या हाताला, घडी घातलेल्या नॅपकिनवर, पातं आत वळवून आणि मशीनच्या कडेपासून बरोबर अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढं अंतर सोडून ठेवलेली सापडली. बायकोने कात्री उचलली आणि नॅपकिन कॅप्टनच्या हातात दिला.

त्याच दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई ड्रेसचं माप द्यायला आल्या. माप देता देता त्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगायला घेतलं. शहरातल्या दुसऱ्या एका शाळेने आठवीच्या मुलांना पाहुणे म्हणून जेवायला बोलावलं होतं. एका मुलाने टेबलक्लॉथ शर्टात खोचून नॅपकिनसारखा वापरला आणि तसाच उठला. टेबलावरचं सगळं त्याच्या मागोमाग उठलं. एका मुलीने सूप थंड व्हायला वेळ लागतो म्हणून त्यात पाण्याचा ग्लास ओतला. वर यजमान बाईंनी कारण विचारलं तर तिने त्यांना उष्णतेचा नियम समजावून सांगितला.

"तुम्हीच सांगा, आता या वयाच्या पोरांना कोण शिकवणार?" बाई म्हणाल्या.

बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि म्हणाली, "माझ्याकडे एक माणूस रिकामा आहे. घेऊन जा."

अशा रीतीने कॅप्टन शाळेत लागले. दर शनिवारी सकाळी गणिताच्या जादा तासाच्या जागी त्यांचा वर्ग भरू लागला. हस्तकलेच्या खोलीत सहा टेबलं एकमेकांना जोडून त्यावर चादरी अंथरल्या होत्या. समोर तेरा-चौदा वर्षांची चौदा मुलं होती. हे वय असं की हात-पाय आधी वाढतात आणि त्यांचं काय करायचं ते नंतर कळतं. त्यांतल्या दोघांना कॅप्टननी पहिल्याच दिवशी नावं देऊन टाकली. उष्णतेचा नियम सांगणारी मुलगी वकील झाली, कारण कुठलीही गोष्ट "का?" विचारल्याशिवाय तिच्या गळी उतरत नसे. टेबलक्लॉथवाला मुलगा भोवरा झाला. त्याच्या खुर्चीचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले त्या शाळेत कोणी पाहिले नव्हते.

पहिला तास फसला. कॅप्टन टेबलाच्या पलीकडे मुलांकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "मी ठेवतो तसं ठेवा." त्यांनी डाव्या हाताला काटा ठेवला, उजव्या हाताला सुरी, सुरीपलीकडे चमचा, सुरीच्या टोकाशी ग्लास. मुलांनीही समोर दिसलं तसंच ठेवलं. चौदाच्या चौदा जागा आरशातल्यासारख्या उलट्या मांडल्या गेल्या. कॅप्टन लाल झाले. चौतीस वर्षांत त्यांनी असा उलटा हॉल पाहिला नव्हता.

"काटा डावीकडे असतो," ते म्हणाले.

"तुमच्या की आमच्या?" वकिलाने विचारलं.

मग कॅप्टनच्या ध्यानात आलं की टेबलाकडे समोरून बघायची त्यांना सवयच नाही. "उठा," ते म्हणाले, "सगळे आपापल्या खुर्चीच्या मागे उभे राहा." स्वतःही जाऊन एका खुर्चीच्या मागे उभे राहिले, आणि जीव भांड्यात पडला. खुर्चीच्या पाठीवर हात टेकल्याबरोबर सगळं जग जागच्या जागी आलं. त्या दिवसापासून वर्ग खुर्चीच्या मागूनच चालला.

आणि चालला म्हणजे काय, धावला. प्लेट टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढी आत हवी, मग तुमचा अंगठा केवढाही असो. वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून. पाहुणा बसताना खुर्ची हलकेच पुढे सरकवायची. कड गुडघ्यांच्या मागे लागली की माणूस आपोआप बसतो, त्याला बसा म्हणावं लागत नाही. जेवणाऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, पण त्याच्या प्लेटवरची नजर हलवायचीही नाही. काटा आणि सुरी फाकवून ठेवली असेल तर माणसाचं जेवण अजून चालू आहे. दोन्ही शेजारी शेजारी जोडून ठेवली म्हणजे झालं, मग प्लेट उचला.

"आणि प्लेट रिकामी असेल, पण काटा-सुरी फाकवलेली असली तर?" वकिलाने विचारलं.

"तर हात लावायचा नाही. त्याला अजून बसायचं आहे. का, ते आपण विचारायचं नाही," कॅप्टन म्हणाले, आणि या शेवटच्या वाक्यावर त्यांनी जरा जास्त जोर दिला.

सगळ्यांत कमाल केली भोवऱ्याने. ज्याला पाच मिनिटं बसता येत नव्हतं, त्याला उभं राहण्याचं काम मिळालं आणि पोरगं फुलून आलं. एका हातात तीन प्लेटा घेऊन तो वळायचा तेव्हा कॅप्टनना आपली तरुणपणीची उमेद आठवायची. तिसऱ्या शनिवारी वकिलाने हात वर केला.

"कॅप्टन, आम्ही बसून जेवायचं कधी?"

"आधी मांडणी पक्की होऊ दे."

चौथ्या शनिवारी तिने तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. कॅप्टननी घड्याळात पाहिलं, नॅपकिनच्या सात घड्या शिकवायच्या राहिल्यात असं सांगितलं, आणि विषय तिथेच मिटवला. त्यांना वाटलं, मिटला.

पाचव्या आठवड्यात पालकांच्या तक्रारी यायला लागल्या. एका वडिलांचं म्हणणं असं, "मी जेवायला बसलो की पोरगी मागे येऊन उभी राहते. बोलत नाही. माझ्याकडे बघतही नाही. घास घशाखाली उतरत नाही हो माझ्या." एका मुलाची आजी नातवाच्या हौसेखातर काट्या-सुरीने जेवायला बसली, पण दोन घासांच्या मध्ये ती दोन्ही नीट शेजारी ठेवून दम खायची. नातू दर वेळी तिची प्लेट उचलून न्यायचा. बिचारी तीन दिवस अर्धपोटी राहिली, पण नातू इतक्या अदबीने न्यायचा की तिला परत मागायचा धीर होईना. भोवऱ्याच्या आईने तेवढं कळवलं की आमच्याकडे उत्तम चाललं आहे, कृपया काही बदलू नये.

बाईंनी कॅप्टनना ऑफिसात बोलावलं. "मी म्हटलं होतं, मुलांना जेवायला शिकवा. तुम्ही मला चौदा वेटर तयार करून दिलेत."

"चांगले आहेत," कॅप्टन म्हणाले, कारण ते खरं होतं.

"असतील. पण पुढच्या शनिवारी दुपारी मी पालकांना जेवायला बोलावलंय. मुलं त्यांच्यासोबत बसून जेवतील. वाढायला स्वयंपाकघरातल्या बाया आहेत. तुम्ही टेबलाच्या टोकाला बसायचं, सगळ्यांना दिसाल असे. मुलांना मी सांगितलंय, कॅप्टन करतील तसं करा. हे नीट पार पडलं तर वर्ग पुढेही चालू. नाही तर त्या तासाला मी पुन्हा गणित लावते."

कॅप्टन ऑफिसातून बाहेर आले आणि दाराबाहेरच थांबले. कारण एक गोष्ट होती, जी शाळेत कोणाला माहीत नव्हती. कॅप्टन आयुष्यात कधी टेबलाशी बसून काट्या-सुरीने जेवले नव्हते.

हॉटेलात वेटरांना जेवायला आठ मिनिटं मिळत. हॉलमागच्या पॅन्ट्रीत उभ्या उभ्या, हातात स्टीलचा वाडगा, वाडग्यात चमचा, आणि डोळे दाराला असलेल्या गोल काचेवर. काचेपलीकडे कोणी मान वळवली, हात उचलला, की वाडगा खाली आणि माणूस बाहेर. कुठला काटा कशाला हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. लोक कसे चुकतात त्याचे शंभर प्रकार त्यांना पाठ होते. फक्त तो काटा स्वतःच्या तोंडापर्यंत कसा न्यायचा, एवढंच राहून गेलं होतं. आणि घरी? घरीही ते ओट्याशी उभे राहून, वाडग्यातून, दाराकडे तोंड करून जेवत. चौदा मुलं आपल्याला टेबलावरचा देव समजतात आणि शनिवारी आपलं पितळ उघडं पडणार, हा विचार घेऊन ते घरी आले.

त्यांनी बायकोला सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

"म्हणजे आता तुम्हाला बसायला शिकवायचं," ती म्हणाली.

"तू शिकवशील?"

"मला कोणी शिकवलं होतं, विसरलात?"

ते विसरले नव्हते. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनीच तिला याच स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर सगळं शिकवलं होतं. ती बसली होती आणि ते मागे उभे होते. ती शिकली, आणि ते उभेच राहिले. दुसऱ्या खुर्चीवर पुढे अर्धवट शिवलेले कपडे येऊन बसले. बायकोने आता ते कपडे उचलले, खुर्ची फडक्याने पुसली आणि म्हणाली, "एकतीस वर्षं मी तुमच्या कोपराकडे बघत जेवतेय. बसा."

कॅप्टन बसले. नळातून एक थेंब पडला, आणि ते उठले. पुन्हा बसले. बायकोच्या ग्लासातलं पाणी निम्म्यावर आलं, आणि ते उठले. सोमवारच्या जेवणात ते एकोणीस वेळा उठले. मंगळवारी बायकोने मापाची टेप कमरेभोवती गुंडाळून त्यांना खुर्चीला बांधलं. खालून भाजीवाल्याने घंटी वाजवली, तेव्हा ते खुर्चीसकट उठले आणि खिडकीपर्यंत गेले.

बुधवारपासून मटार सुरू झाले. लोक काट्याने मटार खाताना काय काय करतात ते कॅप्टननी हजारदा पाहिलं होतं आणि मनातल्या मनात सगळ्यांना नापास केलं होतं. आता त्यांचा एक मटार कपाटाखाली गेला, एक टाचण्यांच्या डबीत, आणि एक गिऱ्हाइकाच्या ड्रेसच्या खिशात सापडला तो थेट दोन दिवसांनी.

"बटाट्यावर दाबा, मग उचला," बायको म्हणाली. "सावकाश. प्लेट कोणी पळवून नेणार नाही."

"आठ मिनिटं झाली असतील."

"होऊ देत की."

शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांना अख्खं जेवण बसून जेवता यायला लागलं. अट एकच होती, कुठे काही खट्ट वाजता कामा नये.

शनिवारी हस्तकलेच्या खोलीत चाळीसेक माणसं जमली. मांडणी मुलांनी केली होती आणि ती पाहून बाईंचाही चेहरा सैल झाला. प्रत्येक प्लेट अंगठ्याच्या पेराएवढी आत. कॅप्टन टोकाला उभे होते, अंगात बायकोने शिवलेला नवा कोट, शेजारी नव्या साडीत बायको. मुलं आपापल्या पालकांच्या शेजारी खुर्ची धरून उभी होती आणि त्यांचे डोळे कॅप्टनवर खिळले होते. कॅप्टन बसले. चौदा मुलं बसली. कॅप्टननी नॅपकिन मांडीवर उलगडला. चौदा नॅपकिन उलगडले. सूप आलं. कॅप्टननी चमचा उचलला, आवाज न करता प्यायले, आणि सगळी खोली आवाज न करता प्यायली. बाई हसल्या.

मग भाजलेली कोंबडी, बटाटे आणि मटार आले. कॅप्टननी बटाट्यावर मटार दाबले, काटा उचलला, तोंडाजवळ नेला, आणि तेवढ्यात मधल्या बाजूला एका वडिलांच्या हातून चमचा फरशीवर पडला.

कॅप्टन उठले. ते उठले असं म्हणणं बरोबर नाही, त्यांचे पाय उठले. आणि त्यांच्याबरोबर चौदा मुलं उठली. कॅप्टन करतील तसं करा, हे त्यांना सांगितलेलंच होतं. भोवरा तर कोणाला दिसायच्या आत चमचा उचलून, दुसरा स्वच्छ चमचा उजवीकडून ठेवून मोकळाही झाला. क्षणभराने चौदाही मुलं आपापल्या पालकांच्या मागे उभी होती, पाठ ताठ, नजर प्लेटवर. पालक मान खाली घालून बसले. अर्धपोटी आजीने आपली प्लेट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

बाईंच्या चेहऱ्यावर कॅप्टनना गणित स्पष्ट दिसलं.

"कॅप्टन," वकिलाने हळूच विचारलं, "आता परत बसायचं ना?"

कॅप्टननी तोंड उघडलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. हाही पाठाचाच भाग होता म्हणाले असते तरी पोरांनी विश्वास ठेवला असता. पण तो विश्वासच त्यांना आता सहन होईना. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस कधी कधी खरं बोलतो.

"यात मुलांची चूक नाही," ते पालकांना म्हणाले. "मी चौतीस वर्षं टेबलापाशी काढली, पण टेबलावर कधी जेवायला बसलो नाही. मला बसता येत नाही. मला येत नाही ते मी यांना काय शिकवणार? उभं राहायला शिकवलं, कारण तेवढंच येत होतं."

एवढं बोलून ते तसेच उभे राहिले. बायको त्यांच्याकडे बघत होती, पण उठली नाही.

वकील आपल्या बाबांच्या मागून निघाली. सगळ्यांच्या मागून, भिंतीच्या कडेने चालत टोकाला आली आणि कॅप्टनच्या खुर्चीमागे उभी राहिली. दोन्ही हातांनी खुर्ची धरून तिने ती हलकेच पुढे सरकवली. कड गुडघ्यांच्या मागे लागली आणि कॅप्टन बसले. तिला बसा म्हणावं लागलं नाही.

"आणि आता मी मागे उभी राहणार नाही," ती म्हणाली. "माझं सूप झालंय, पण बाकी सगळं राहिलंय."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मग भोवरा बसला, मग एकेक करून सगळी. कोणाचे तरी बाबा हसले, आणि खोलीतला अवघडलेपणा गेला. थोड्या वेळाने त्याच वडिलांच्या हातून तोच चमचा पुन्हा पडला, कारण काही माणसांचे हात तसेच असतात. चौदा मुलांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनच्या पोटऱ्या ताठल्या. पण टेबलाखाली बायकोने आपली टाच त्यांच्या बुटावर रोवून ठेवली होती आणि ती काढायचा तिचा विचार दिसत नव्हता. त्या वडिलांनी आजूबाजूला पाहिलं, वाट पाहिली, आणि शेवटी स्वतः वाकून चमचा उचलला.

कॅप्टननी मटार तोंडापर्यंत नेले. एक ओघळला, तर चौदा मुलांनी तो पाहिला नाही असं दाखवलं. हे त्यांनीच शिकवलेलं होतं.

"तुम्ही सगळं डाव्या बाजूनेच चावता," बायको एकदम म्हणाली.

"हो का?"

"हो. मला माहीतच नव्हतं."

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. तीही जेवत होती. घास घेतला की ती क्षणभर डोळे मिटत होती, आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं. कारण एकतीस वर्षं ते दाराकडे बघत होते.

जेवण आटोपलं तसे पालक चहासाठी व्हरांड्यात गेले. जाता जाता बाई कॅप्टनपाशी थांबल्या. "पुढच्या शनिवारी काय घेणार?"

"बसणं," कॅप्टन म्हणाले. "मलाही सराव हवा आहे."

मुलांनी आवराआवर सुरू केली. उजवीकडून, आवाज न करता, एका हातात तीन तीन प्लेटा. टोकाच्या दोन खुर्च्या सोडून सगळं टेबल मोकळं झालं. त्या दोन खुर्च्यांवर कॅप्टन आणि त्यांची बायको बसून कसल्याशा ड्रेसच्या खिशाबद्दल बोलत होते. भोवरा कॅप्टनच्या उजव्या बाजूला आला आणि प्लेटकडे हात नेला. प्लेट चाटूनपुसून रिकामी होती. तिच्यात एक मटारसुद्धा नव्हता. पण काटा एका बाजूला आणि सुरी दुसऱ्या बाजूला, चांगली फाकवून ठेवलेली होती.

भोवऱ्याने हात मागे घेतला आणि का ते न विचारता परत गेला.